गाडी कोठे बदलायची?

रेल्वेबरोबर आलेल्या इंग्रजी शब्दांपैकी 'जंक्शन' या शब्दाला मराठीने जेवढ्या आपुलकीने घरात घेतले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला घेतले असेल. स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड हे शब्द नाम म्हणून आले आणि नाम म्हणूनच राहिले. 'जंक्शन' मात्र बोलीत विशेषण झाला. भला मोठा, भरभक्कम, लक्षात राहील असा, या सर्व अर्थांनी आपण तो वापरतो. जंक्शन बेत, जंक्शन माणूस, जंक्शन काम. ज्या ठिकाणी दोन मार्ग एकत्र येतात, तेथे गर्दी असते, खाद्यपदार्थांच्या गाड्या असतात, रात्रभर दिवे असतात. साहजिकच ते ठिकाण मोठे वाटते. भाषेने हा अनुभव अचूक टिपला. साहित्याने तो टिपला काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. आणि तो आम्ही वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात विचारीत आहोत, कारण या जिल्ह्यात रेल्वे आहे पण जंक्शन नाही.

वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. अकोला–पूर्णा हा मार्ग जऊळका, वाशिम अशी स्थानके घेत जातो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कारंजा लाड येथून मूर्तिजापूर–यवतमाळ हा नॅरोगेज मार्ग जात असे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर आणि मानोरा या तालुक्यांच्या गावांना रेल्वे स्थानक नाही. जिल्ह्यातून जाणारे हे दोन मार्ग जिल्ह्यात कोठेही एकमेकांना भेटत नाहीत. वाशिमच्या माणसाला मुंबई-नागपूरकडे जायचे तर अकोला, मनमाड-औरंगाबादकडे (आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे) जायचे तर पूर्णा, आणि कारंजाच्या माणसाला कोठेही जायचे तर मूर्तिजापूर. पहिले आणि तिसरे स्थानक अकोला जिल्ह्यात, दुसरे परभणी जिल्ह्यात. म्हणजे या जिल्ह्याच्या प्रवासाचा निर्णायक क्षण, जेथे आपण लहान गाडीतून मोठ्या गाडीत चढतो तो क्षण, नेहमी जिल्ह्याबाहेर घडतो. आमचे म्हणणे असे की हा क्षण वाङ्मयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडच्या रेल्वेविषयक लेखनाने तो जवळजवळ वगळला आहे. गाडीचे कौतुक झाले, गाडी बदलण्याचे झाले नाही.

प्रथम या तीन स्थानकांचा इतिहास थोडक्यात पाहू. तो पाहिल्याशिवाय 'बदलणे' ही काय वस्तू आहे ते ध्यानात येणार नाही.

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके या मार्गावरची. दक्षिणेकडे निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मीटरगेजवर मनमाडपर्यंत आली, आणि तिच्यावरील पूर्णा स्थानकातून १९१२ साली हिंगोलीपर्यंत फाटा निघाला. तो हिंगोलीलाच थांबला. पुढे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल, अलीकडे निजाम. वाशिम या दोहोंच्या सीमेवर, पण वऱ्हाडात. म्हणून दोन्हीकडे रेल्वे असूनही वाशिमला रेल्वे मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, खंडवा–हिंगोली जोडमार्ग बांधला गेला तेव्हा. तो १९६० च्या सुमारास पूर्ण झाला. उत्तरेकडील मीटरगेजचे जाळे दक्षिणेकडील जाळ्याला जोडणे हा त्याचा हेतू होता. वाशिमला रेल्वे द्यायची म्हणून तो मार्ग बांधला गेला नाही. वाशिम वाटेत होते, एवढेच.

नव्वदच्या दशकात पूर्णेकडचा मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला. अकोल्याचा तर पहिल्यापासून ब्रॉडगेजच होता. मधली पूर्णा–अकोला मीटरगेज तेवढी तशीच राहिली. तेव्हा वाशिमच्या प्रवाशाला दोन्ही टोकांना गाडी बदलावी लागे. २००८ साली हा तुकडाही ब्रॉडगेज झाला आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु अकोल्याच्या उत्तरेस खंडव्यापर्यंत मीटरगेज १ जानेवारी २०१७ रोजी बंद होईपर्यंत चालूच होती. म्हणजे ज्या खंडवा-रतलामकडे वाशिमची गाडी पूर्वी एकसंध जात असे, तिकडे जायला आता अकोल्यास उतरावे लागू लागले. त्यानंतर मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून रूळ न्यावेत की वळसा घालून, या वादात उत्तरेकडची वाट अडली. अकोटपर्यंत ब्रॉडगेज झाली; पुढचा जुना धूळघाटाचा वळणदार मार्ग इतिहासजमा झाला.

या घडामोडींतून एक गोष्ट स्पष्ट होते. गेज बदलले म्हणजे गाडी बदलण्याची जागा नाहीशी होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती पुढे सरकते. दोन व्यवस्थांच्या मधली भेग एका स्थानकावरून उचलून दुसऱ्या स्थानकावर ठेवली जाते. ती कोठे ठेवायची हे ज्यांच्या हाती असते, ते त्या भेगेपाशी रात्र काढणारे नसतात.

आता मूर्तिजापूर. आमच्या मते विदर्भातील सर्वांत बोलके स्थानक हेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथून दोन्ही बाजूंना नॅरोगेज मार्ग निघाले. दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा करीत यवतमाळ, सुमारे ११३ किलोमीटर; उत्तरेकडे दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूर, सुमारे ७७ किलोमीटर. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व्यवस्थापन मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीचे, आणि गाड्या चालवणारी मुख्य मार्गाची रेल्वे. रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे १६७६. म्हणजे मोठी लाईन छोट्या लाईनच्या दुपटीहून अधिक रुंद. एका लाईनचा डबा दुसरीवर चढणे अशक्य. माणूस उतरून चालत जाऊ शकतो. कापसाची गाठ जाऊ शकत नाही. तिला हमाल लागतो.

आणि हे मार्ग होते कापसासाठीच. कारंजा ही वऱ्हाडातील नामांकित कापूस बाजारपेठ. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होई, प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात, छोट्या लाईनने त्या मूर्तिजापूरला येत, तेथे मोठ्या लाईनच्या वाघिणींत भरल्या जात आणि मुंबई बंदराकडे जात. तेथून पुढे मँचेस्टर. या मार्गावर दीर्घकाळ धावलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेले होते आणि ते १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे, सेवेत राहिले. कापूस ज्या शहराकडे जाई, त्या शहरातून तो ओढणारे इंजिन येई. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या देवघेवीला पाने लागतात. मूर्तिजापूरच्या फलाटावर ती डोळ्यांना दिसत असे: एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद, आणि मध्ये पाठीवर गाठ घेतलेला माणूस. वसाहतवादावरील चर्चासत्रांत आम्ही अनेक निबंध ऐकले आहेत. त्या माणसाएवढे सुबोध स्पष्टीकरण आम्हांला कोणी दिलेले नाही.

या छोट्या लाईनच्या गाडीला लोकांनी नाव दिले 'शकुंतला'. येथून आमच्या विषयाचा वाङ्मयीन भाग सुरू होतो.

शकुंतलेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, स्मरणिका, विद्यार्थ्यांचे निबंध. त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. गाडी इतकी सावकाश चालते की खाली उतरून पुन्हा चढता येते. फाटक आले की गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावतो. गार्डच तिकिटे देतो. मग एक हळवा परिच्छेद, मग 'आजही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे' हे चमत्कारिक वाटणारे वाक्य, आणि शेवटी उसासा. यातील तपशील खोटे नाहीत. शेवटच्या काळात हा सारा मार्ग बोटांवर मोजता येतील एवढ्या कर्मचाऱ्यांनी हाताने चालवला, हे खरेच आहे. आमची तक्रार तपशिलांविषयी नाही, त्यांच्या निवडीविषयी आहे. या लेखनात गाडी नेहमी चालत असते आणि कोठेच पोहोचत नाही. मूर्तिजापूर येते ते केवळ आरंभस्थान म्हणून. कारंजाचा मुलगा तेथे उतरल्यावर त्याची पुढची गाडी गेलेली होती की यायची होती, त्याने रात्र कोठे काढली, मुलाखतीला तो वेळेवर पोहोचला काय, हे या लेखनाला जाणून घ्यावेसे वाटत नाही. गाडीचा संथपणा लेखकाला गोड वाटतो, कारण लेखकाला पुढची गाडी पकडायची नसते.

शकुंतला हे नावच या गोडव्याला कारण झाले असावे. साहित्याच्या अध्यापकांनी येथे थोडे थांबून विचारले पाहिजे: ही कोणती शकुंतला? आपल्या परंपरेत त्या दोन आहेत. कालिदासाची शकुंतला दुर्वासाच्या शापाने विसरली जाते. दुष्यंत दोषी नाही. शाप दोषी, आणि नदीत पडलेली अंगठी दोषी. अंगठी सापडताच स्मृती परतते आणि सर्वांचे डोळे पाणावतात. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला वेगळी आहे. तेथे शाप नाही आणि अंगठीही नाही. राजाला सारे आठवत असते आणि तरीही तो नाकारतो. ती शकुंतला भर सभेत उभी राहते, धर्माच्या आणि सत्याच्या आधारे युक्तिवाद करते, मुलाचा हक्क मागते. ती रडत परत जात नाही. आकाशवाणीने तिची बाजू खरी ठरवल्यावर राजा कबूल करतो की त्याला सर्व माहीत होते, लोकापवादासाठी तो गप्प होता.

आपण रेल्वेची कथा कालिदासाच्या पद्धतीने सांगत आलो. येथे शाप म्हणजे कंपनीचा जुना करार. १९५१ साली देशातील रेल्वेची पुनर्रचना होत असताना ही खासगी मालकीची लाईन बाहेर राहिली. मध्य रेल्वे ती करारानुसार चालवीत राहिली आणि करार वाढवला जात राहिला. मालकी एकाची, रूळ जुने, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नाही. ही अडचण खरी होती. परंतु करार हा काही दुर्वासाच्या तोंडून निघालेला शब्द नव्हे. तो माणसे करतात, माणसे वाढवतात आणि माणसे संपवूही शकतात. करार पुढे करून 'काय करणार, इंग्रजांची गाडी' म्हणणे म्हणजे दुष्यंताला अंगठीची सबब देणे आहे. २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. त्याच दशकात दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद पडल्या. या गाडीला शोभणारी शकुंतला कोणती असेल तर महाभारतातली: विसरलेली नव्हे, नाकारलेली, आणि म्हणून हक्क मागणारी. दुर्दैवाने तिच्या वतीने सभेत उभे राहणारे लेखन आपण केले नाही. आपण शाकुंतलाचा चौथा अंकच पुन्हा पुन्हा लिहीत बसलो.

याहून वेगळे लिहिता येते काय? येते, आणि त्यासाठी याच ७६२ मिलिमीटर गेजचे, याच काळातले आणखी एक उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवतो. ते दूरचे आहे, जपानचे. पण तुलनात्मक साहित्याचा अभ्यास आपण करतो तो अशाच प्रसंगी उपयोगी पडावा.

उत्तर जपानमध्ये इवाते नावाचा प्रांत आहे. थंडीचा, गरीब शेतकऱ्यांचा, वारंवार पिके बुडणारा. तेथील हानामाकी या स्थानकावर तोहोकू मुख्य मार्ग जातो. १९१३ साली तेथून इवाते हलकी रेल्वे नावाचा नॅरोगेज मार्ग निघाला. १९१५ पर्यंत तो डोंगरापर्यंत पोहोचला आणि सेन्नीन खिंडीपाशी थांबला. खिंड ओलांडून पलीकडच्या कामाइशी खाणीच्या रेल्वेपर्यंत माल दोरमार्गाने जाई आणि माणसे पायी जात. हानामाकी हे आपल्या मूर्तिजापूरसारखे स्थानक. मोठी लाईन आणि छोटी लाईन शेजारी शेजारी, आणि एकीचा डबा दुसरीवर न चालणारा.

याच गावात मियाझावा केंजी (१८९६–१९३३) हा लेखक जन्मला. तो तेथील शेतकी शाळेत काही वर्षे शिक्षक होता. जिवंतपणी त्याला फारशी कीर्ती मिळाली नाही. १९२४ साली त्याची दोनच पुस्तके निघाली. आज तो जपानच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक आहे. आकाशगंगेतून जाणाऱ्या रेल्वेची त्याची प्रसिद्ध दीर्घकथा त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली आणि तिचे मूळ या हलक्या रेल्वेत असल्याचे मानले जाते. आम्हांला मात्र येथे त्याची एक कमी प्रसिद्ध कथा महत्त्वाची वाटते. १९२३ साली स्थानिक वृत्तपत्रात आलेल्या या कथेचे नायक-नायिका दोन सिग्नल आहेत. नायक मुख्य मार्गाचा सिग्नल, नायिका हलक्या रेल्वेचा. तो लोखंडाचा, नव्या पद्धतीचा, विजेच्या दिव्याचा. त्याला रंगीत काचांच्या दोन जोड्या. ती लाकडाची, तेलाच्या दिव्याची, एकच काच असलेली. तो तिच्यावर प्रेम करतो आणि ती म्हणते की आपली बरोबरी होऊ शकत नाही. मुख्य मार्गाचा तारेचा खांब हा त्याचा पालक; त्याला हे स्थळ मुळीच पसंत नाही. दोघांच्या बाजूने उभे राहते ते स्थानकावरील गोदामाचे छप्पर.

कथा बालसुलभ आहे, गमतीची आहे. तरीही जंक्शनचे सारे समाजशास्त्र तिच्यात आले आहे. मोठी लाईन आणि छोटी लाईन यांतील अंतर काही पावलांचे, पण घराण्याचे आणि ऐपतीचे. लेखकाने गाडीवर हळवे होण्याऐवजी दोन मार्गांच्या मधल्या जागेकडे पाहिले, म्हणून त्याला ते दिसले. गाड्या येतात आणि जातात. सिग्नल तेथेच उभे असतात. जंक्शन म्हणजे जाणाऱ्यांपेक्षा थांबलेल्यांची जागा, हे त्याने ओळखले.

आणि त्या मार्गाचे पुढे काय झाले? १९३६ साली सरकारने तो ताब्यात घेतला. टप्प्याटप्प्याने रूळ रुंद केले. १९५० साली खिंडीखालून मार्ग पुरा होऊन कामाइशीपर्यंत गाडी थेट जाऊ लागली. १९८५ साली शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेचे शिन-हानामाकी स्थानक त्याच मार्गावर उभे राहिले, म्हणजे गाडी बदलण्याचे आणखी एक ठिकाण मिळाले. आज तो मार्ग आकाशगंगेच्या नावाने ओळखला जातो आणि केंजीच्या एस्परांतो भाषेच्या आवडीची आठवण म्हणून त्याच्या प्रत्येक स्थानकाला त्या भाषेतील एक टोपणनाव आहे. हानामाकीचे टोपणनाव 'इंद्रधनुष्य' या अर्थाचे. साहित्यामुळे रेल्वे टिकली असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. रेल्वे सरकारने, खाणीने आणि युद्धाच्या गरजांनी टिकवली. साहित्याने दुसरे काम केले: त्या लहान मार्गाकडे पाहण्याची एक दृष्टी लोकांना दिली, ज्यामुळे तो मार्ग त्यांना कीव करण्याजोगा वाटला नाही.

मराठीत अशी दृष्टी नसण्याचे कारण काय असावे? एक कारण असे की आपली साहित्यिक रेल्वे मुख्यतः मुंबई-पुण्याची आहे. गदिमांच्या बालगीतातील आगीनगाडी मामाच्या गावाला जाते ती सरळ जाते. तिला मध्ये कोठे बदलावे लागत नाही. ज्या मुलाचा मामा कारंजाला आणि घर खामगावला, त्याच्या वाट्याची आगीनगाडी अजून कोणी लिहिलेली नाही. उलट एस.टी.कडे पाहा. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये गाडी थांबते म्हणूनच कथा घडते. प्रवास खोळंबल्याबरोबर त्यातला समाज एकमेकांकडे पाहू लागतो, बोलू लागतो, भांडू लागतो. खोळंबा हा अनुभव मराठी लेखकाला वर्ज्य नाही, हे यावरून दिसते. जंक्शन तर खोळंब्याची कायमची सोय आहे. तेथे जिल्ह्याजिल्ह्यांच्या बोली एका बाकावर बसतात. मूर्तिजापूरच्या फलाटावर अचलपूरकडची वऱ्हाडी आणि दारव्हा-यवतमाळकडची बोली शेजारी शेजारी ऐकू येत असे. पूर्णेला मराठवाडी, तेलुगूमिश्रित रेल्वे-हिंदी आणि दखनी उर्दू. बोलींच्या अभ्यासकाला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणे कठीण.

आता या प्रतिपादनावर येऊ शकणाऱ्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप व्यवहाराचा. लोकांना गाडी बदलायचीच नसते. त्यांना थेट गाडी हवी असते. मग बदलण्याच्या जागेचे गुणगान कशाला? आक्षेप रास्त आहे. आम्हीही गुणगान करीत नाही. परंतु प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला थेट गाडी जगात कोठेही नाही. लहान गाव मोठ्या जगाला जोडले जाते ते बदलण्याच्या जागेतूनच. तेव्हा खरा प्रश्न बदलावे लागते काय हा नसून, बदलताना मेळ बसतो काय हा आहे. छोटी गाडी पोहोचण्याआधी मोठी निघून जात असेल तर दोन्ही वेळापत्रके आपापल्या जागी बरोबर असूनही प्रवाशाच्या दृष्टीने चूक असतात. हे व्याकरणासारखे आहे. शब्द शुद्ध असले तरी अन्वय लागला नाही तर वाक्य होत नाही.

दुसरा आक्षेप वारसाप्रेमींचा. शकुंतला जशी होती तशी जपावी, पर्यटकांसाठी चालवावी, तिची 'टॉय ट्रेन' करावी. माथेरानला किंवा दार्जिलिंगला जे शोभते ते येथे शोभेल असे आम्हांला वाटत नाही. तेथे गाडी डोंगर दाखवते. कारंजाची गाडी बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्यांची होती, आणि एस.टी.पेक्षा तिचे तिकीट कितीतरी स्वस्त होते. ज्यांची ती गरज होती त्यांना बाहेर ठेवून तिचे खेळणे करणे हा त्यांच्या गरिबीचा देखावा मांडणे आहे. एखादे जुने इंजिन, एखादे स्थानक अवश्य जपावे. मार्ग मात्र चालता हवा.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. आता समृद्धी महामार्ग झाला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो वाशिम जिल्ह्यातूनच जातो. कारंजा आणि शेलू बाजार येथे त्याला 'इंटरचेंज' आहेत. पाहा, ज्या जिल्ह्याला जंक्शन मिळाले नाही त्याला इंटरचेंज मिळाला! शब्दार्थाने दोन्ही जवळचे. अनुभवाने विरुद्ध. इंटरचेंजवर कोणी कोणाला भेटत नाही. गाडी वळण घेते, पथकर भरते आणि वेगाने निघून जाते. ज्याच्याकडे स्वतःचे चारचाकी वाहन नाही त्याच्यासाठी तो इंटरचेंज म्हणजे शेताच्या कडेला उभा असलेला एक उंच भराव आहे. दुचाकीला तर त्या मार्गावर प्रवेशच नाही. जंक्शनमध्ये गरीब माणसाला निदान बाक होता, नळ होता आणि पुढची गाडी होती.

म्हणून आमचे मत असे. शकुंतला ब्रॉडगेज व्हावी. वाशिम–मंगरुळपीर–कारंजा–बडनेरा या मार्गाची जुनी मागणीही मान्य व्हावी. या दोन्ही गोष्टी झाल्या तर एक गोष्ट आपोआप घडेल, जिच्याकडे मागणी करणाऱ्यांचेही फारसे लक्ष गेलेले दिसत नाही: कारंजा हे जंक्शन होईल. जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच गाडी बदलण्याचे ठिकाण जिल्ह्याच्या आत येईल. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, आणि जैन भांडारांतील हस्तलिखितांसाठी, कारंजाकडे माणसे पूर्वीपासून येत आहेत. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य प. ल. वैद्य यांनी संपादित केले आणि १९३१ साली ते कारंजाच्याच ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. ज्या गावाने दहाव्या शतकातील काव्य विसाव्या शतकाच्या वाचकाला मिळवून दिले, ते गाव जोडण्याच्या कामाला नवखे नाही.

वाशिमविषयी तर साहित्यशास्त्रातच एक नोंद आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सांगितलेल्या कथेत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते, प्रत्येक प्रदेशात वेष, नृत्य आणि बोलण्याची तऱ्हा बदलत जाते, आणि शेवटी विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्व विवाह होतो. शकुंतलेचा विवाहही गांधर्वच होता. फरक एवढाच की या विवाहाला कोणी विसरले नाही. 'साहित्य' या शब्दाच्या पोटात 'सहित' आहे, एकत्र येणे आहे. आपल्या शास्त्राने हे एकत्र येणे ज्या गावी घडवले, त्या गावच्या जिल्ह्यात दोन रेल्वेमार्ग अजून एकत्र येऊ शकलेले नाहीत.

शेवटी अध्यापक-विद्यार्थ्यांना एक विनंती. मूर्तिजापूर, अकोला, पूर्णा येथे गाडी बदलून शिकलेली, नोकरीला लागलेली, माहेरी गेलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. गाठी उचललेल्या हमालांपैकी फार थोडे उरले असतील. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांना दरवर्षी विषय हवे असतात. त्याच त्या कादंबऱ्यांतील त्याच त्या जाणिवांची यादी करण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थ्याने या माणसांकडे जाऊन बसावे. गाडी कशी होती हे विचारू नये. ते सर्वांना पाठ आहे. उतरल्यावर काय केले, कोठे झोपलात, कोणाशी बोललात, कोणती गाडी चुकली आणि त्यामुळे काय राहून गेले, हे विचारावे. उत्तरे जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत उतरवून घ्यावीत आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावीत. त्यांतून कथा निघेल की नाही हे आज सांगता येणार नाही. पण उद्या रेल्वेची मागणी घेऊन कोणी सभेत उभे राहिले, तर त्याच्या हातात उसाशांऐवजी साक्षी असतील.